वाचकांचे प्रश्न: थाई नूडल सूपसाठी परदेशात कोणतं व्हिनेगर घ्यावं?

प्रश्न: आम्ही पुण्याचे, सध्या नोकरीनिमित्त स्वीडनमध्ये गोथेनबर्गला असतो. गेल्या हिवाळ्यात थायलंडला जाऊन आलो. बँकॉकमध्ये व्हिक्टरी मॉन्युमेंटजवळ कालव्याकाठी बोट नूडल्स खाल्ल्या आणि टेबलावरच्या त्या चार डब्यांनी आम्हाला वेडच लावलं. घरी आल्यावर मिरची घातलेलं ते व्हिनेगर करून पाहिलं. इथल्या आशियाई दुकानात विचारलं तर त्यांनी राइस व्हिनेगर दिलं. त्याची चव गोडसर आणि मिळमिळीत लागली. सफरचंदाचं व्हिनेगर घातलं तर सगळ्या सुपाला त्याचाच वास. सुपरमार्केटात 'एटिका' नावाचं स्वस्त व्हिनेगर मिळतं, पण त्यावर २४ टक्के लिहिलेलं बघून हात लावायची हिंमत झाली नाही. थाई गाडीवर नेमकं कोणतं व्हिनेगर असतं आणि इथे त्याच्या जागी काय वापरावं?
(एक वाचक, गोथेनबर्ग)

उत्तर: जिला हात लावायची हिंमत झाली नाही, तीच बाटली तुमच्या कामाची आहे. फक्त ती तशीच्या तशी वापरायची नाही, पाणी घालून सौम्य करायची. ते प्रमाण पुढे देते. आधी राइस व्हिनेगरने घोटाळा का झाला ते सांगते, कारण हा सल्ला जगभरातली दुकानं आणि अर्धी पाकपुस्तकं डोळे मिटून देतात. आशियाई पदार्थ म्हटला की राइस व्हिनेगर, एवढंच त्यामागचं गणित.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही बरीच वर्षं बँकॉकला ओन नूट भागात राहिलो. आमच्या इमारतीखाली नूडलची गाडी लावणाऱ्या एक मावशी होत्या. सकाळी गाडी उभी राहिली की पहिलं काम टेबलावरचे डबे भरण्याचं. कालचं उरलेलं ओतून टाकायच्या, डबे धुऊन उन्हात पालथे घालायच्या, मग एकेक भरायला घ्यायच्या. एकात पांढरी साखर, आपण चहात घालतो तीच. दुसऱ्यात भाजून भरड कुटलेल्या सुक्या मिरच्या. तिसऱ्यात नाम प्ला, म्हणजे माशांचं खारवलेलं पाणी. आणि चौथ्यात चकत्या केलेल्या मिरच्यांवर व्हिनेगर. व्हिनेगर यायचं मोठ्या कॅनमधून. पाण्यासारखं स्वच्छ. ओतताना नाकाला झोंबायचं, पण त्याला स्वतःचा म्हणावा असा कसलाच वास नसायचा. ना तांदळाचा, ना फळाचा.

ते असतं ऊर्ध्वपातित म्हणजे डिस्टिल्ड व्हिनेगर, आम्लता साधारण ५ टक्के. थायलंड हा मोठा ऊस उत्पादक देश. उसापासून साखर, साखरेमागे उरलेली मळी, मळीपासून मद्यार्क आणि मद्यार्कापासून व्हिनेगर, असा त्याचा प्रवास. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकांना यातला पहिला टप्पा समजावून सांगायची गरज नाही. तिकडच्या बाटल्यांवर व्हिनेगरचा प्रकार लिहिणं बंधनकारक असतं. 'माक' म्हणजे आंबवलेलं, 'क्लान' म्हणजे ऊर्ध्वपातित आणि 'थियाम' म्हणजे कृत्रिम, नुसतं अ‍ॅसेटिक आम्ल पाण्यात कालवलेलं. चांगल्या गाडीवर 'क्लान' असतं, पैसे वाचवणाऱ्या गाडीवर 'थियाम'. सूप नूडलसाठी मुद्दाम तांदळाचं व्हिनेगर आणणारी गाडी मला तिथे कुठे दिसली नाही.

आता हे असं निर्गुण व्हिनेगरच का? तिथे नूडलवाला सूप मुद्दाम थोडं मोकळं सोडतो. रस्सा हाडांचा, मुळ्याचा, कोथिंबिरीच्या मुळांचा, चांगला उकळलेला असतो, पण शेवटची चव खाणाऱ्याने लावायची असते. त्यासाठी चार डबे, आणि चौघांची कामं वाटलेली. खारट एकाकडे, गोड दुसऱ्याकडे, तिखट तिसऱ्याकडे, आंबट चौथ्याकडे. तुमच्या राइस व्हिनेगरने काय केलं, तर आंबटाच्या डब्यात बसून गोडाचं काम करायला घेतलं. त्यात ते सुशीच्या भातासाठीचं, तयार चवीचं असेल, तर साखर आणि मीठ आधीच घातलेलं असतं. साधं जपानी राइस व्हिनेगर घेतलं तरी त्याची आम्लता साधारण सव्वाचार टक्क्यांच्या आसपास, शिवाय तांदळाचा मऊपणा आहेच. आंबटपणा पुरेना म्हणून तुम्ही आणखी घालणार, आणि तसं सूप अधिकच बोथट होणार. सुशीला तो मऊपणा हवाच असतो. इथे नको.

तुम्ही खाल्लेल्या बोट नूडल्समध्ये, क्वैतियाओ रुआमध्ये, तर याची जास्तच गरज. त्या काळपट रश्शात दालचिनी, चक्रीफूल असतं आणि शेवटी बहुतेक ठिकाणी डुकराचं किंवा गाईचं रक्तही घालतात. त्याने रस्सा दाट, जड होतो. त्या जडपणावर सरळ, धारदार आंबटच लागतं. मिळमिळीत आंबट त्यात कुठच्या कुठे बुडून जातं.

आता तुमच्या एटिकाकडे येऊ. स्वीडनमध्ये दक्षिणेला स्कोने भागात पर्स्टॉर्प नावाचं गाव आहे. तिथे १८८१ मध्ये विल्हेल्म वेंट यांनी बीच नावाच्या झाडाच्या लाकडापासून अ‍ॅसेटिक आम्ल काढायचा कारखाना सुरू केला, आणि त्या गावाच्या नावाची बाटली आजही स्वीडिश स्वयंपाकघरात असते. हेरिंग मासा आणि काकडी त्यात मुरवतात. मुरवणीसाठी १२ टक्क्यांच्या व्हिनेगरचा एक भाग, साखर दोन भाग आणि पाणी तीन भाग हे तिथल्या घराघरात पाठ असलेलं माप. म्हणजे हे व्हिनेगर पाणी घालून वापरायचं, असं गृहीत धरूनच विकलं जातं. बाजारात त्याच्या दोन ताकदी मिळतात, १२ टक्के आणि २४ टक्के. १२ टक्क्यांचं मिळालं तर तेच घ्या, सांभाळायला सोपं.

१२ टक्क्यांचं असेल तर १०० मिलि व्हिनेगरला १४० मिलि पाणी. २४ टक्क्यांचं असेल तर ५० मिलि व्हिनेगरला १९० मिलि पाणी. दोन्ही हिशेबांत २४० मिलि, म्हणजे एक मोठा कप, साधारण ५ टक्क्यांचं व्हिनेगर हातात येतं. भांड्यात आधी पाणी घ्या आणि त्यात व्हिनेगर ओता. पाणी उकळून गार केलेलं असेल तर उत्तम. २४ टक्क्यांचं व्हिनेगर कातडीला आणि डोळ्यांना इजा करतं, तेव्हा ते मोजताना चेहरा बाटलीवर आणू नका, आणि घरात लहान मूल असेल तर बाटली वरच्या फळीवर. सौम्य केलेलं वेगळ्या बाटलीत भरून त्यावर ठळक '५ टक्के' लिहून चिकटवा. घरात दोन बिनरंगी बाटल्या शेजारी ठेवून विसंबून राहू नये.

इतर देशांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. जर्मनीत २५ टक्क्यांचं 'एसिग-एसेन्झ' मिळतं, त्याच्या एका भागाला चार भाग पाणी. किंवा सरळ ५ टक्क्यांचं 'ब्रांटवाइन-एसिग' घ्या, ते मद्यार्कापासूनचंच असतं. इंग्लंडमध्ये तपकिरी माल्ट व्हिनेगर नको, त्याचा बार्लीचा वास सूप गिळून टाकतो. तिथेच 'डिस्टिल्ड माल्ट' नावाचं बिनरंगी असतं, ते चालतं. अमेरिकेत 'डिस्टिल्ड व्हाइट' घ्या आणि मागे ५ टक्के लिहिलंय ना ते बघा, कारण ४ टक्क्यांच्या बाटल्याही हल्ली शेजारीच असतात. ऑस्ट्रेलियातलं पांढरं व्हिनेगर बहुधा ४ टक्क्यांचं, तिथे वाडग्यात अर्धा चमचा जास्त घाला. नेदरलँड्समध्ये साफसफाईचं ८ टक्क्यांचं व्हिनेगर मिळतं, ते खाण्यासाठी नसतं, त्याला पाणी घालूनही वापरू नका. व्हाइट वाइन व्हिनेगर युरोपात किमान ६ टक्क्यांचं असतं. अडीअडचणीला थोडं पाणी घालून चालवता येईल, पण द्राक्षाचा वास राहतोच.

आणि तुमच्या आशियाई दुकानात फिलिपिन्सचं उसाचं व्हिनेगर दिसलं तर जरूर उचला. त्याला अगदी पुसटसा स्वतःचा गंध असतो, तरी थाई वाडग्यात ते फार छान बसतं. मला स्वतःला परदेशात निवड करायची झाली तर पहिली पसंती त्याला.

आता मिरच्या. गाडीवर असतात फ्रिक ची फा, बोटभर लांब, मध्यम तिखट, लाल, हिरव्या आणि पिवळट. तुमच्या सुपरमार्केटात मिळणाऱ्या लांब लाल मिरच्या त्यांच्या बऱ्याच जवळ जातात. बारीक फ्रिक खी नू इथे एखाददुसरीच पुरे. नुसत्या त्याच भरल्या तर आंबटासाठी उचललेल्या चमच्यातून फक्त तिखट येतं. मिरच्या धुऊन पूर्ण कोरड्या करा, मग दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या, बिया काढायच्या नाहीत. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत चकत्या भरून वर व्हिनेगर, चकत्या बुडून वर बोटभर राहील एवढं. चिमूटभर मीठ. अर्ध्या तासात वापरता येतं, चार-पाच तासांनी सगळ्यात चांगलं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मिरच्यांचा कुरकुरीतपणा जायला लागतो आणि हिरव्या मिरच्या खाकी पडतात. म्हणून बरणी मोठी भरू नका. मावशी रोज ताजं का करायच्या, ते दोन दिवसांची बरणी एकदा उघडून पाहिलीत की कळेल.

दुसरा प्रकार वाटलेला. बोट नूडल्सच्या टेबलावर लाल, दाटसर, चमच्याला चिकटणारं जे होतं ते हे असणार. शंभर ग्रॅम लांब मिरच्या तव्यावर तेल न घालता काळे डाग पडेपर्यंत भाजा. चार-पाच लसणाच्या पाकळ्या सालासकट त्यांच्याबरोबरच भाजून मग सोला. अर्धा चमचा मीठ घालून खलबत्त्यात भरड वाटा आणि दीडशे मिलि व्हिनेगर मिसळा. खल दगडाचा हवा. पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम या कामाला अजिबात नको, आम्लाने धातू उतरतो.

वाडगा समोर आला की आधी काहीही न घालता रस्सा चाखा. मग नाम प्ला, मग साखर, मग मिरची आणि सगळ्यात शेवटी व्हिनेगर, सुरुवातीला एक चहाचा चमचा. शेवटी अशासाठी की अ‍ॅसेटिक आम्ल गरम रश्शावर पडलं की वाफेबरोबर वर येतं आणि पहिल्या दोन घोटांना नाकात जो झणका बसतो तो त्याचा. आधी घालून ढवळत बसलात तर तो निघून जातो. लिंबाचं तसं होत नाही, त्याचा आंबटपणा वाफेबरोबर उडत नाही. लिंबू पिळून भागेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल म्हणून सांगते. टॉम याम नूडल्सना आणि सुखोथाई पद्धतीच्या नूडल्सना लिंबूच हवं, तिथे ते स्वयंपाकघरातच पडलेलं असतं. साध्या, निवळ रश्शाला आणि बोट नूडल्सना मात्र हे व्हिनेगर. एकाच्या जागी दुसरं घालून तोच वाडगा मिळत नाही.

नाम प्ला आणि व्हिनेगर दोन्ही पडलं आणि साखर नाही, तर सूप कडक लागतं. आपल्याकडचे लोक नूडलवर साखर म्हटली की बिचकतात. चिंच आली की गूळ येतो, हे आमटीत आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथेही एक सपाट चमचा साखर घालून पाहा.

प्रश्न: तुमच्याच जुन्या कृतीवरून मिरची-लसणाचं व्हिनेगर केलं. सोललेला लसूण कच्चाच घातला होता. तीन दिवसांत पाकळ्या निळ्या-हिरव्या पडल्या. घरच्यांनी बुरशी म्हणून फेकायला लावलं. खरंच खराब झालं होतं का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: नव्हतं झालं. फेकायची काहीच गरज नव्हती. लसूण कापला, ठेचला किंवा आम्लात पडला की त्यातली गंधकाची संयुगं आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन रंगद्रव्यं तयार होतात. त्यांचा रंग निळा-हिरवा. थंडीत किंवा शीतगृहात बरेच दिवस राहिलेल्या लसणात हे जास्त होतं. खाण्याला त्याने काहीही बाधा नाही आणि चवही बिघडत नाही.

उत्तर चीनमध्ये तर हा रंग मुद्दाम आणतात. चांद्र पंचांगातल्या बाराव्या महिन्याच्या आठव्या दिवशी सोललेला लसूण व्हिनेगरमध्ये घालून गार जागी ठेवतात. नवीन वर्षापर्यंत पाकळ्या पाचूसारख्या हिरव्या होतात आणि मोमोसारख्या डंपलिंगबरोबर खातात. तिथे पाकळ्या पांढऱ्याच राहिल्या तर घरातलं माणूस हळहळतं.

बुरशी ओळखायची खूण वेगळी. ती पृष्ठभागावर येते, लव असलेली, कापसासारखी, आणि वास कोंदट येतो. पाकळी आतून-बाहेरून सारख्या रंगाची, घट्ट आणि व्हिनेगर निवळ असेल तर तो नुसता रंग. रंग नकोच असेल तर लसूण आधी भाजून किंवा उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून घ्या. वर गोथेनबर्गच्या वाचकांना भाजायला सांगितलंय त्याचा हाही एक फायदा.

एक मात्र पाळा. लसूण व्हिनेगरमध्ये पूर्ण बुडालेला हवा, आणि व्हिनेगर ५ टक्क्यांच्या आसपासचं हवं, पाणी घालून त्याहून पातळ केलेलं नको. हाच कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं, कारण तेलात आम्ल नसतं आणि हवाही लागत नाही. असल्या जागी बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. व्हिनेगरने ती भीती घालवलेली असते.

प्रश्न: आम्ही ठाण्याहून सहकुटुंब थायलंडला चाललो आहोत. सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत, अंडंही खात नाहीत. नूडलच्या गाडीवर त्यांना काही खाता येईल का? टेबलावरच्या मसाल्यांचं काय?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: साध्या नूडलच्या गाडीवर सासूबाईंना नेऊ नका. नूडल तांदळाच्या असल्या आणि वर भाज्या मागितल्या तरी रस्सा हाडांचाच असतो आणि सगळं एकाच पातेल्यातून निघतं. गाडीवाले प्रेमाने मांसाचे तुकडे बाजूला काढून देतील आणि त्यांना वाटेल की काम झालं. आपल्या शाकाहाराची कल्पना तिथे सहजासहजी कुणाला नसते.

तुम्ही शोधायचं ते पिवळ्या झेंड्यावर किंवा फलकावर लाल अक्षरांत लिहिलेलं 'जे'. ही चिनी वंशाच्या थाई लोकांची व्रताची खाण्याची पद्धत. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. त्यामुळे आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही चालण्यासारखं. वर्षातून एकदा, चिनी चांद्र वर्षाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला, नऊ दिवसांचा उत्सव असतो. त्या दिवसांत बँकॉकच्या यावारात भागात आणि फुकेतमध्ये रस्ते पिवळ्या झेंड्यांनी भरून जातात आणि 'जे' नूडल्सच्या गाड्या जागोजागी लागतात. तुमच्या तारखा तशा जुळत असतील तर सासूबाईंची चंगळ. एरवीही मोठ्या बाजारांत एखादं 'जे' दुकान असतंच.

टेबलावरच्या डब्यांबद्दल नीट लक्ष द्या. साखर चालेल. सुकी मिरची चालेल. व्हिनेगर चालेल. अडचण अशी की नाम प्लामध्येही मिरच्यांच्या चकत्या घातलेल्या असतात आणि व्हिनेगरमध्येही, आणि दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात. मिरच्या बघून ओळखता येत नाही. द्रव बघा. चमच्यात थोडं घेऊन उजेडात धरा. व्हिनेगर बिनरंगी, फार तर मिरचीमुळे जरा पिवळसर. नाम प्ला काळ्या चहासारखं तांबूस तपकिरी. तरी शंका आली तर वास घ्या, मग चुकायचा प्रश्नच नाही. नाम प्लामध्ये मिरच्या बारीक असतात, व्हिनेगरमध्ये जाड लांब मिरच्यांच्या चकत्या, हीसुद्धा बरीचशी खरी ठरणारी खूण. डब्यातले चमचे मात्र लोक अदलाबदल करतात, त्यामुळे कडक पाळायचं असेल तर सासूबाईंसाठी 'जे' दुकानातलंच टेबल बरं, तिथे नाम प्लाच्या जागी सोया सॉस असतो.

गाडीवरचं व्हिनेगर बाधणार तर नाही ना, असंही अनेक जण विचारतात. तिथे पूर्वीपासून एक कसोटी सांगतात. कोथिंबिरीचं पान व्हिनेगरमध्ये टाकून अर्धा-पाऊण तास ठेवायचं, भेसळीचं असेल तर पान लवकर कोमेजून काळवंडतं. गिऱ्हाइकाला तेवढा वेळ कुठला. त्याऐवजी डब्यातल्या मिरच्यांकडे पाहा. चकत्यांची साल घट्ट, रंग जिवंत असेल तर सकाळचं ताजं आहे. मिरच्या लिबलिबीत होऊन तळाशी बसल्या असतील आणि द्रव गढूळ असेल तर त्या डब्याला हात लावू नका, आणि खरं तर त्या गाडीवरही बसू नका.

प्रश्न: आमच्याकडे माडाच्या सुरेचं व्हिनेगर घरचंच असतं. थाई नूडल सूपसाठी तेच वापरलं तर चालेल का? की बाजारातलं पांढरं आणायलाच हवं?
(एक वाचक, म्हापसा)

उत्तर: तुमच्या घरी ते आहे याचा मला हेवा वाटतो. विंदालू आणि चोरीस यांची चव ज्याच्यावर उभी आहे, ते व्हिनेगर बाजारातल्या पांढऱ्यापेक्षा शंभरपट गुणाचं. पण गोथेनबर्गच्या वाचकांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगावं लागेल. बँकॉकच्या निवळ रश्शाच्या वाडग्यात त्याचा गुणच आड येतो. सुरेचा तो खमंग, थोडा आंबूस वास खारट, गोड, तिखट या इतर तिघांवर कुरघोडी करतो.

म्हणून ते बाजूला ठेवावं असं मात्र मी म्हणणार नाही, कारण थायलंडच्या दक्षिणेला तुमच्या व्हिनेगरचं सख्खं भावंड आहे. सोंगखला प्रांतात ताडाची झाडं उदंड आहेत. तिथे ताडाचा रस आंबवून व्हिनेगर करतात, नाव 'नाम सोम नोट'. तुमच्या रेंदेरासारखेच तिथले लोक झाडावर चढून रस उतरवतात. ते व्हिनेगर गढूळसर, मऊ आंबट, आणि माशाच्या आंबट कालवणात ते घालतात. तेव्हा तुम्ही दक्षिणी पद्धतीचं काही करा. मासे, हळद, गवती चहा, लसूण, थोडा माडाचा गूळ आणि शेवटी सुरेचं व्हिनेगर. ते तुमच्या हाताला सहज येईल आणि नूडल सुपापेक्षा तुमच्या घरात जास्त रुळेल.

नूडल सुपासाठी पांढरं आणायचंच झालं तर बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. आपल्याकडे अ‍ॅसेटिक आम्ल पाण्यात मिसळून केलेल्या व्हिनेगरवर 'सिंथेटिक' असं लिहावंच लागतं, आणि आंबवलेलं (ब्रूड) असो की सिंथेटिक, दोन्ही प्रकारांत आम्लता किमान ३.७५ टक्के असावी असा नियम आहे. चायनीजच्या गाड्यांवर हिरव्या मिरच्या घातलेली जी बाटली असते, तिच्यात बहुतेक वेळा हे सिंथेटिकच असतं. त्याने सूप आंबट होतं खरं, पण ते घशाशी ओरखडतं. 'ब्रूड' असं लिहिलेलं, बिनरंगी, शक्यतो उसाचं मिळालं तर दहा-वीस रुपये जास्त द्या. टक्केवारी ४ च्या आसपास असेल तर मिरच्या घालण्याआधी त्यात पाणी अजिबात मिसळू नका, आणि वाडग्यात एकाऐवजी दीड चमचा घ्या. मिरची तुमच्याकडे लांब, कमी तिखट मिळाली तर ती, नाहीतर भावनगरीच्या चकत्यांत दोन लवंगी मिरच्या टाका. बरणी काचेची आणि झाकण प्लास्टिकचं असू द्या, पत्र्याचं झाकण आठवड्याभरात गंजतं.